पाळी सुटल्यानंतरचा रस्ता



आजचा विषय रोजच्या येण्याजाण्याचा आहे. कारखाना असो, दुकान असो, दवाखाना, गोदाम की कार्यालय. जिथे आपण पगारावर काम करतो तिथली पाळी संपवून घरी जाताना, किंवा घरून कामावर येताना, वाटेत अपघात झाला तर त्याची भरपाई कामाच्या नात्याने मिळते का?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, "छे! गेटच्या आत काही झालं तर कंपनी बघेल. गेटबाहेर आपलं आपण." हे उत्तर बराच काळ बऱ्याच अंशी बरोबर होतं. आज ते बरोबर नाही. कायदा बदलला आहे. पण बदल पोचलेला नाही. त्यामुळे अपघात झालेलं घर मालकाकडे जातच नाही, किंवा गेलं तरी "तो ड्युटीवर नव्हता" एवढं ऐकून परत येतं. आणि दोन वर्षांची मुदत निघून जाते.

म्हणून आज तीन गोष्टी बोलू. कायदा इथवर कसा आला, आज तो नेमकं काय म्हणतो, आणि अपघात झाल्यावर पहिल्या काही दिवसांत काय करायचं. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची, पण पहिल्या दोन कळल्याशिवाय ती नीट करता येत नाही.

सुरुवात १९२३ पासून करू. त्या वर्षी आपल्या देशात कामगार भरपाई कायदा झाला. २००९ साली दुरुस्ती होऊन त्याचं नाव 'कर्मचारी भरपाई कायदा' झालं. त्याच्या कलम ३ मध्ये एक वाक्य आहे, आणि गेली शंभर वर्षं सगळी भांडणं त्या एका वाक्यावर झाली. भरपाई कधी? तर अपघात 'कामातून उद्भवलेला आणि काम चालू असताना घडलेला' असेल तेव्हा. दोन्ही अटी एकदम. मशीनमध्ये हात गेला, तर प्रश्नच नाही. पण कामगार सायकलवर आहे, घराच्या आणि कारखान्याच्या मध्ये आहे, तेव्हा काम चालू आहे का?

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, १९५८ चा. जागा पोरबंदर. तिथल्या मिठागरावर काम करणारे कामगार गावातून निघायचे, खाडी होडीने ओलांडायचे आणि पलीकडे मिठागरावर जायचे. १९५२ च्या जूनमध्ये ती होडी उलटली आणि काही कामगार बुडाले. न्यायालयाने एक तत्त्व मान्य केलं. कामाची जागा म्हणजे फक्त चार भिंती नाहीत, तिची हद्द थोडी पुढेमागे मानता येते. वकील याला 'नोशनल एक्स्टेन्शन' म्हणतात, आपण 'मानीव हद्द' म्हणू. पण त्या कामगारांच्या बाबतीत न्यायालय म्हणालं, की ही होडी सार्वजनिक, वाट सार्वजनिक, तिथून कोणीही जातं. ही हद्द तिथवर ताणता येत नाही. भरपाई नाकारली गेली.

पाचच वर्षांनी, १९६३ मध्ये, मुंबईचं एक प्रकरण आलं. बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरी डेपोत काम संपवून घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. त्या बसला अपघात झाला, तो बाहेर फेकला गेला आणि पुढे दगावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. बेस्टचं म्हणणं, ड्युटी संपली होती, आता तो इतरांसारखाच प्रवासी. न्यायालयाने बहुमताने हे फेटाळलं. मुंबईसारख्या पसरलेल्या शहरात चालकांनी वेळेवर यावं म्हणून बेस्टनेच त्यांना बसमधून जाण्यायेण्याची सोय दिली होती. ती सोय कामाचाच भाग होती. म्हणून भरपाई द्यावी लागली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. एक होडीत, एक बसमध्ये. दोघांनाही कामासाठीच प्रवास करावा लागत होता. फरक पडला तो वाहन कोणाचं आणि सोय कोणी दिली, यावर.

मग १९९६ मध्ये तिसरा निकाल आला, केरळमधल्या कोरट्टीचा. कामगाराची पाळी दुपारी साडेचारला सुरू व्हायची. सव्वाचारला तो सायकलवरून निघालेला, कारखाना फक्त एक किलोमीटरवर. एका लॉरीने त्याला धडक दिली आणि गळपट्टीचं हाड मोडलं. लॉरी त्याच्याच कंपनीची होती! हा दावा ईएसआयखालचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा कायद्याखालचा होता, पण त्यातले शब्द तेच. अपघात १९७१ चा. पंचवीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कामावर जायला निघणं म्हणजे काम सुरू होणं नव्हे. भरपाई नाही.

या निकालामुळे "गेटबाहेर आपलं आपण" हे वाक्य पक्कं झालं. एचआरवाले, विमा कंपन्यांचे वकील, सगळे तेच सांगू लागले.

आता बदल कुठे झाला ते बघा. २०१० मध्ये संसदेने ईएसआय कायद्यात नवं कलम घातलं, ५१-ई. ते १ जून २०१० पासून लागू झालं. कलमाचा अर्थ असा: कर्मचारी ड्युटीसाठी घरून कामाच्या जागी जात असताना, किंवा ड्युटी करून तिथून घरी येत असताना अपघात झाला, तर तो कामातूनच उद्भवला असं मानलं जाईल. अट एकच. अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी दुवा सिद्ध झाला पाहिजे.

'दुवा' हा शब्द लक्षात ठेवा. इंग्रजीत त्याला 'नेक्सस' म्हणतात. आजच्या सगळ्या बोलण्याची गाठ या एका शब्दात आहे.

ईएसआय असलेल्यांचा प्रश्न तेव्हा सुटला. पण ज्या आस्थापनांना ईएसआय लागू नाही, त्या माणसांचं काय? त्यांना १९२३ चाच कायदा होता, आणि त्यात असं कलम नव्हतं. ते अंतर भरून निघायला २०२५ साल उजाडलं. आणि ते भरून निघालं आपल्या मराठवाड्यातल्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणामुळे.

तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. एका साखर कारखान्यावर हा माणूस पहारेकरी होता. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ ला तो मोटारसायकलवरून कामावर निघाला. कारखाना साधारण पाच किलोमीटर राहिला असताना अपघात झाला आणि तो जागीच गेला. मागे पत्नी, चार मुलं आणि आई.

उस्मानाबादच्या भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कारण तेच, अपघात कामाच्या जागेबाहेरचा. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला जुलै २०२५ च्या अखेरीस. न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने उच्च न्यायालयाचा निकाल बाजूला सारला आणि आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला.

त्यांचा विचार समजून घेण्यासारखा आहे. ईएसआय कायदा आणि भरपाई कायदा ही दोन्ही एकाच हेतूने केलेली कल्याणकारी कायद्यांची जोडी. दोन्हींमध्ये 'कामातून उद्भवलेला आणि काम चालू असताना घडलेला' हेच शब्द. मग २०१० मध्ये संसदेने एका कायद्यात त्या शब्दांचा अर्थ स्पष्ट केला असेल, तर दुसऱ्या कायद्यात त्याच शब्दांचा वेगळा अर्थ का लावायचा? आणि ते कलम अर्थ स्पष्ट करणारं आहे, म्हणून २००३ च्या अपघातालाही तो अर्थ लागू होतो. पहारेकरी तीनच्या पाळीला वेळेत हजर होण्यासाठीच त्या रस्त्यावर होता. परिस्थिती, वेळ आणि जागा, तिन्हींचा दुवा स्पष्ट आहे.

अपघात २००३ चा, शेवटचा निकाल २०२५ चा. बावीस वर्षं. चार लेकरांचं अख्खं बालपण त्यात गेलं. त्या कुटुंबाने दावा लावून धरला म्हणून आज देशभरातल्या कामगारांना तो निकाल दाखवता येतो. ही गोष्ट मराठी माणसाला तरी माहीत असावी.

यानंतर चार महिन्यांत आणखी एक बदल झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने ईएसआय आणि कर्मचारी भरपाई हे दोन्ही कायदे आपल्यात सामावून घेतले. घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात, दुवा सिद्ध झाला तर कामातलाच, हे आता संहितेतच आहे. म्हणजे अपघात त्या तारखेनंतरचा असेल तर संहिता दाखवायची. आधीचा असेल, ईएसआय नसेल आणि मुदत शिल्लक असेल, तर उस्मानाबादचा निकाल दाखवायचा.

इथवर आपण कायदा पाहिला. आता दुवा म्हणजे काय ते बघू.

कायद्याने मोजपट्टी दिलेली नाही. किती किलोमीटर, किती मिनिटं, असं काही लिहिलेलं नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणात तीन प्रश्न विचारले जातात.

पहिला, वेळ. पाळी किती वाजता सुटली, अपघात किती वाजता झाला? रात्री अकराला पाळी सुटली आणि साडेअकराला अपघात झाला, तर सांगावं लागत नाही. अकराला सुटली आणि पहाटे तीनला झाला, तर मधले चार तास कुठे होतात, हे विचारणारच.

दुसरा, जागा. अपघात झाला तो रस्ता घर आणि काम यांच्यामधला आहे का? एकच रस्ता असावा असं नाही. पण काम पूर्वेला, घर उत्तरेला आणि अपघात दक्षिणेला, तर समजावून सांगावं लागेल.

तिसरा, परिस्थिती. तुम्ही खरंच ड्युटीसाठी निघाला होता का, किंवा ड्युटी करून परतत होता का? त्या दिवशी हजेरी होती का? सुट्टी होती का?

आता विचार करा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कोणाकडे असतात? हजेरीपत्रक मालकाकडे. पाळीचा तक्ता मालकाकडे. गेटवरचा कॅमेरा मालकाचा, आणि त्याचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. म्हणजे कायद्याने हक्क कामगाराला दिला, पण पुरावा मालकाच्या कपाटात आहे. दावे हरण्याचं मोठं कारण हे आहे. भांडण कायद्याचं राहिलेलं नाही, कागदाचं झालं आहे.

म्हणून पहिल्या आठवड्यात काय करायचं, ते आता सावकाश सांगतो. लिहून घ्या.

एक. दवाखान्यात भरती करताना डॉक्टर विचारतात, काय झालं? तेव्हा नुसतं "गाडीवरून पडला" म्हणू नका. "कामावरून घरी येताना पडला" किंवा "पाळीला जाताना धडक बसली" असं सांगा आणि केसपेपरवर तसं लिहायला लावा. पहिल्या तासाच्या या ओळीला पुढे फार वजन असतं, कारण तेव्हा भरपाईचा विचार कोणाच्या डोक्यात नसतो.

दोन. पोलिसांत नोंद करा. गाडी घसरून पडलात, समोर दुसरी गाडी नव्हती, तरीही. जबाबात आणि पंचनाम्यात अपघाताची वेळ, नेमकी जागा आणि कुठून कुठे जात होता हे आलं पाहिजे.

तीन. मालकाला लेखी कळवा. तोंडी नको. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, ईमेल चालेल, रजिस्टर पोस्टाने पाठवलंत तर उत्तम. तारीख, वेळ, जागा, पाळी आणि इजा, एवढं पुरे. कळवायला उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मालकाला अपघात दुसरीकडून कळला होता असं दाखवता आलं तरी चालतं. पण लेखी कागद असला की वादच उरत नाही.

चार. त्या महिन्याच्या हजेरीचा फोटो, पाळीच्या तक्त्याचा फोटो, पगाराची पावती, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, ओळखपत्र, हे गोळा करा. ज्यांची हजेरी मोबाइलवर लागते त्यांनी स्क्रीनशॉट घ्या. बरोबर पाळी करणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि फोन नंबर लिहून ठेवा. हे सहकारी पुढे नोकरी सोडून जातात, मग सापडत नाहीत.

पाच. बस, लोकल किंवा मेट्रोने जात असाल तर तिकीट, पास, कार्डाची नोंद जपून ठेवा. तीच वेळ आणि जागा सांगते.

आता पैसे कोणाकडून मागायचे? रस्ते वेगवेगळे आहेत आणि इथे गोंधळ फार होतो.

तुमच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर रस्ता ईएसआयचा. साधारण दहा किंवा जास्त माणसं असलेली आस्थापना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार, असा त्याचा आवाका. कामातल्या इजेसाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे बघितलं जात नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. कामावर जाता येत नाही तोवर साधारण पगाराच्या ९० टक्के दराने रोख लाभ, कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात मासिक रक्कम, आणि मृत्यू झाला तर अवलंबितांना मासिक लाभ. यासाठी मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयला पाठवावा लागतो. तो 'कामातला अपघात' म्हणून गेला की साधं आजारपण म्हणून, हे विचारून घ्या. आजारपण म्हणून गेला तर लाभ कमी मिळतो. एक लक्षात ठेवा, ईएसआय असेल तर मालकाकडून वेगळी कर्मचारी भरपाई मागता येत नाही.

ईएसआय नसेल, तर मालकाची थेट जबाबदारी. दावा आधी कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे जायचा, संहितेनंतर सक्षम प्राधिकाऱ्याकडे. मुदत दोन वर्षं. योग्य कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

रक्कम कशी ठरते? एक उदाहरण घेऊ. मृत्यूच्या प्रकरणात मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयानुसार कायद्याच्या तक्त्यात दिलेल्या आकड्याने गुणायची. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशोबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरलं गेलं. समजा वय ३५, पगार १५,०००. निम्मे ७,५००. पस्तिशीचा आकडा १९७.०६. गुणाकार होतो १४ लाख ७७ हजार ९५० रुपये. पगार वीस हजार असला तरी या हिशोबात पंधराच धरायचे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. देणं झाल्यापासून एका महिन्यात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

हा आकडा मुद्दाम सांगितला. कारण पुष्कळदा तेराव्याच्या आत कोणीतरी घरी येतं. पन्नास हजार किंवा लाख रुपये हातात ठेवतं आणि एका स्टॅम्प पेपरवर सही मागतं, की "आमची काही तक्रार नाही". घर दुःखात असतं, पैशाची गरज असते, सही होते. मंडळी, दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे. आणि मृत्यूच्या प्रकरणात भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. भरपाईपोटी दिलेली थोडी उचल सोडली, तर परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरत नाहीत. म्हणून कोणी मदत दिली तर घ्या, पण सही करू नका. आणि सही झालीच असेल तर सगळं संपलं असं समजू नका.

तिसरा रस्ता मोटार अपघात न्यायाधिकरणाचा. दुसऱ्या गाडीच्या चालकाची चूक असेल तर त्या गाडीच्या विम्याकडून भरपाई. रक्कम इथे जास्त मिळू शकते, कारण वेतनाची ती मर्यादा नाही. पण दुसऱ्याची चूक दाखवावी लागते. एकट्याची गाडी खड्ड्यात घसरली, तर हा रस्ता बहुधा बंद. कर्मचारी भरपाईत मात्र चूक कोणाची हा मुद्दाच नाही, दुवा पुरतो. या दोन्हींपैकी एकच निवडता येतो, म्हणून अर्ज करण्याआधी वकिलाकडून दोन्ही हिशोब करून घ्या. मोटार कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा विचार करण्यात वर्ष घालवू नका.

लोकलने जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गाडीतून पडून इजा किंवा मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-ए खाली रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मृत्यूसाठी ती रक्कम जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. तिकीट सापडलं नाही, एवढ्यावरून तो माणूस प्रवासी नव्हता असं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र या कलमात बसत नाही. आणि एकाच अपघाताची भरपाई दोन ठिकाणांहून मिळत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण हे सुरतेत, इंदूरमध्ये, हैदराबादेत, बंगळुरात ऐकत असाल. कोणाचं घर जळगावला आणि नोकरी सुरतेत, कोणी लातूरचा आणि काम हैदराबादला. हे सगळे कायदे केंद्राचे आहेत, राज्य बदललं म्हणून हक्क बदलत नाही. आणि कर्मचारी भरपाईचा दावा तीन ठिकाणी करता येतो: अपघात झाला तिथे, दावा करणारा राहतो तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे. म्हणजे सुरतेत गेलेल्या माणसाच्या पत्नीला गुजरातेत खेटे घालायची गरज नाही. ती जळगावात अर्ज करू शकते, आपल्या भाषेत बोलू शकते. परगावी काम करणाऱ्यांच्या घरी ही एक गोष्ट तरी माहीत हवीच. फक्त तिथले कागद, म्हणजे पोलिसांची नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल, केसपेपर, हे गावी परतण्याआधी मिळवा. नंतर ते मिळवायला चकरा होतात.

नेहमी पुढे येणाऱ्या तीन शंका घेतो.

"मी ठेकेदाराकडे आहे." तरी हक्क आहे. ठेकेदार गायब झाला तर ज्याच्या कामासाठी तुम्हाला लावलं त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मग तो ठेकेदाराकडून वसूल करील.

"हेल्मेट नव्हतं," किंवा "दारू प्यायला होता असं म्हणतात." दारूचा मुद्दा मालकाला साध्या इजेत काढता येतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तो मुद्दा भरपाई अडवू शकत नाही. हेल्मेट नसणं ही चूक आहेच, जिवावर बेतणारी आहे, पण तुमची स्वतःची चूक एवढ्या कारणाने हा हक्क जात नाही.

"मी ॲपवर डिलिव्हरी करतो." इथे उत्तर कडू आहे. संहितेने गिग कामगार हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आणला आणि त्यांच्यासाठी योजना करण्याची तरतूद केली. पण आपण बोलतोय ती भरपाई मालक-कर्मचारी नात्यावर उभी आहे, आणि ॲप कंपन्या तेच नातं मान्य करत नाहीत. ज्याचं अख्खं काम रस्त्यावर आहे त्यालाच रस्त्यावरच्या अपघातात हे संरक्षण सरळ मिळत नाही. ॲपने काढलेला अपघात विमा आहे का, तो कधी लागू होतो, लॉग-इन असतानाच की घरी परततानाही, हे आज तपासून ठेवा. कायद्याचं पुढचं भांडण इथे होणार आहे.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. आज घरी गेल्यावर एका कागदावर चार ओळी लिहा. माझा मालक कोण, ठेकेदार असेल तर मूळ मालक कोण. माझी पाळी कोणती. मी कोणत्या रस्त्याने, कशाने जातो. माझा ईएसआय नंबर काय, किंवा ईएसआय नाही. तो कागद घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा आणि त्याचा फोटो घरच्या माणसाच्या मोबाइलवर पाठवा. अपघात झाला तर कचेऱ्यांमध्ये धावपळ आपण करत नाही, घरची माणसं करतात. त्यांच्या हातात निदान पहिली चार उत्तरं असू द्या.

गाड्या सावकाश चालवा.